दाढी काढ म्हणणाऱ्यांनो, आधी धूळ काढा

(चंद्रपुरात तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मला 'तरुणांपुढील आव्हानं' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तो विषय मी बाजूला ठेवतो. आव्हानांवर बोलणारे आपल्याकडं पुष्कळ झालेत. टाळ्या पडतात, चहा होतो, माणसं घरी जातात. मी आज दाढीवर बोलणार आहे. हसा. आत्ताच हसून घ्या.

मी दोन वर्षं गिट्टीच्या क्रशरवर कामाला होतो. ठेकेदाराचं नाव सांगत नाही. असे ठेकेदार गल्लीगल्लीत आहेत. माझ्या जोडीला एक चाचा होता. छातीपर्यंत दाढी, गळ्यात गमछा. दगड जबड्यात पडला की पांढरा फुफाटा उठायचा आणि चाचा गमछा नाकावर ओढायचा. महिन्यातून एखाद्या दिवशी मुकादम मास्क वाटायचा. कानाला अडकवायचे, पातळ, निळे. तेव्हा समजायचं की कोणी साहेब येणार आहे. साहेब गेला की मास्क परत.

चाचाला खोकला लागला. टीबी म्हणाले. सहा महिने गोळ्या खाल्ल्या. खोकला गेला नाही. पुन्हा गोळ्या. मग नागपुरात एका डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "बाबा, काम काय करता?" तोवर कोणी विचारलं नव्हतं. फोटो काढला. सिलिकोसिस निघाला. फुप्फुसात दगडाची भुकटी बसलेली. यावर औषध नाही. झालेलं नुकसान भरून येत नाही.

आम्ही चौघं ठेकेदाराकडं गेलो. तो पान चघळत म्हणाला, "मास्क देल्ला होता ना त्याले. दाढीवर मास्क बसतच नाही. दाढी कायले ठेवली मंग? त्याच्यात माह्या काय दोष?"

मित्रांनो, आम्ही गप्प झालो. आमच्यापाशी उत्तर नव्हतं. चाचाचं नाव हजेरीपटावर नव्हतं, पगाराची चिठ्ठी नव्हती, आणि ज्याची नोंद नाही त्या माणसाला आजार तरी कसा होणार! परत येताना चाचा एवढंच म्हणाला, "बाबू, चाळीस वर्षाची दाढी हाय. ते काढली असती तं वाचलो असतो काय?" त्याचंही उत्तर मला देता आलं नाही. चाचा त्याच हिवाळ्यात गेला.

आज मी ती दोन्ही उत्तरं घेऊन उभा आहे. थोडं तांत्रिक बोलेन. कंटाळा आला तरी ऐका. मालकाला विज्ञान येतं आणि आपल्याला फक्त घोषणा येतात, तेव्हा आपण हरतो.

पहिली गोष्ट धुळीची. डोळ्याला दिसते ती धूळ मारत नाही. ती नाकात, घशात अडकते, शिंकेत आणि थुंकीत बाहेर पडते. मारते ती न दिसणारी. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. चार-पाच मायक्रॉनच्या खालचा कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत, जिथं हवेतला प्राणवायू रक्तात जातो तिथपर्यंत पोचतो. गारगोटीचा, म्हणजे सिलिकाचा कण तिथं गेला की शरीर त्याच्याशी झुंजतं, हरतं, आणि त्या जागी व्रण धरतो. व्रणाव्रणानं फुप्फुस कडक होतं. अशा फुप्फुसात टीबीही लवकर शिरतो. म्हणून चाचासारख्याच्या बाबतीत घोटाळा होतो: कधी टीबी नसताना टीबीच्या गोळ्या, कधी दोन्ही असताना एकाचंच नाव.

आपल्या दोन जिल्ह्यांत धूळ एका जातीची नाही. घुग्घुस-माजरीपासून बल्लारपूर-सास्तीपर्यंत कोळशाची. वीज केंद्राच्या बाजूला राखडीची. कोरपना-राजुऱ्याकडं सिमेंटची आणि चुनखडीची. गडचिरोलीत राईस मिलच्या कोंड्याची, एटापल्लीकडं सुरजागडच्या लोहखनिजाची तांबडी. आणि आरा मशीनवर सागाच्या भुशाची. लाकडाचा भुसा म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची भुकटी आणि १९९७ साली सिलिकाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली. दिल्लीच्या नव्या संसदेला आणि अयोध्येच्या मंदिराला आपल्याच जंगलातलं सागवान गेलं, बल्लारपूरच्या डेपोतून. वाजतगाजत गेलं. सागाची मिरवणूक निघते. सागाचा भुसा ज्याच्या नाकात जातो त्याची निघत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी केली. चंद्रपूर देशात चौथं आलं, ८३.८८ गुण. आपण पहिल्या पाचात आलो ते यात.

दुसरी गोष्ट मास्कची. गमछा, रुमाल, ओढणी हे मास्क नाहीत. विणीची भोकं त्या बारीक कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. ओला गमछा गार वाटतो, पण गार वाटणं म्हणजे गाळणं नव्हे. निळा कानातला मास्क डॉक्टरची थुंकी पेशंटवर उडू नये म्हणून जन्माला आला. तो चेहऱ्याला चिकटतच नाही.

धुळीसाठी आपल्याकडं भारतीय मानक आहे, आयएस ९४७३. त्यात तीन वर्ग आहेत: एफएफपी-१, एफएफपी-२, एफएफपी-३. गाळण्याची ताकद पहिल्याची निदान ८० टक्के, दुसऱ्याची निदान ९४ टक्के आणि तिसऱ्याची त्याहून जास्त. मास्क हातात आला की आधी त्यावर हे छापलंय का बघा. दोन पट्टे डोक्यामागून जाणारे आहेत का बघा, एक मानेवर, एक टाळूच्या खाली. कानात अडकवायचा असेल तर संशय घ्या. नाकावरची पट्टी दाबून बसवा. मग दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडं, गालाकडं हवा निसटली तर मास्क बसलेला नाही.

आता दाढी. टक्केवारी ही कापडाची असते, चेहऱ्याची नसते. ९४ टक्के गाळणारा मास्क लावला आणि गालापाशी फट राहिली, तर हवा गाळणीतून कशाला जाईल? गाळणीतून जायला तिला जोर लागतो, फटीतून लागत नाही. बंधाऱ्याला भगदाड पडलं की पाणी दारातून जात नाही, तसंच. दाढीचा प्रत्येक केस मास्कची कड कातडीपासून उचलून धरतो. कडेखाली केस असले तर गुळगुळीत चेहऱ्यापेक्षा गळती वीस पटीपासून हजार पटीपर्यंत वाढते, असं मोजमापांत आढळलंय. आणि हे फक्त छातीपर्यंतच्या दाढीचं नाही. कालची वाढलेली खुंटं सुद्धा पुरतात. ब्रिटनमधले तपासनीस म्हणूनच सांगतात की पाळी सुरू होण्याआधी आठ तासांच्या आत दाढी केलेली हवी. मिशा चालतात, मास्कच्या आत मावल्या तर. हनुवटीवरची इवलीशी दाढीही चालते, कडेला लागत नसेल तर.

म्हणजे ठेकेदार बोलला ते अर्धं खरं होतं. दाढीवर तो मास्क बसत नाही. हे आपण मान्य केलं पाहिजे. भावनेनं हवा अडत नाही.

आता त्याचं उरलेलं अर्धं खोटं कसं, ते ऐका.

चाचाला जो निळा मास्क दिला, तो गुळगुळीत चेहऱ्यावरही बसला नसता. माझी तेव्हा दाढी नव्हती. मलाही तोच दिला होता. माझ्यासाठी त्यानं काय केलं होतं? काही नाही. दाढी हा त्याला नंतर सापडलेला बहाणा होता. चाचाच्या जागी मी आजारी पडलो असतो तर म्हणाला असता, "खर्रा खात होता, मास्क खाली करून थुकत होता." तेही आपलं खरंच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत तोंडात खर्रा आणि नाकावर मास्क, दर दहा मिनिटांनी मास्क खाली, पिचकारी, मास्क वर. प्रत्येक वेळी धुळीला दार उघडं. ही सवय आपल्याला आपणच सोडावी लागेल, त्यासाठी ठेकेदाराची वाट बघू नका. पण सवय आपली म्हणून धूळ त्याची नाही, असं होत नाही.

आणखी एक. चांगला बसलेला अर्धा मास्क सुद्धा किती वाचवतो? अमेरिकन नियम त्याला दहाचा आकडा देतो. बाहेर दहा भाग धूळ, तर आत एक. आता हिशोब करा. जागेवर मर्यादेच्या वीस पट धूळ असेल, तर दहा पट वाचूनही आत मर्यादेच्या दुप्पट धूळ गेली. तेव्हा "दाढी काढ" म्हणणाऱ्याला पहिला सवाल: तुझ्या जागेवर धूळ किती आहे? मोजली का? आकडा दाखव. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी कोळशाच्या श्वसनीय धुळीची मर्यादा एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम ठरवली, आणि धुळीत सिलिका पाच टक्क्यांच्या वर असेल तर त्याहून कमी. आकडा माहीत नसताना मास्क निवडता येत नाही. ज्यानं मोजलं नाही, त्यानं मास्क निवडलेला नाही. त्यानं फक्त मास्क विकत घेतलाय.

मग दाढीवाल्यानं काय वापरायचं? वस्तू आहे. तिला हूड म्हणतात. कमरेच्या पट्ट्याला बॅटरी आणि छोटा पंखा. पंखा हवा ओढतो, गाळणीतून गाळतो, नळीतून डोक्यावरच्या सैल टोपात सोडतो. टोपात हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त राहतो, म्हणून फटीतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. चेहऱ्याला चिकटायची गरजच नाही. दाढी असो, जखमेचा व्रण असो, दात पडून गाल बसलेले असोत, चालतं. अमेरिकन नियम अशा सैल हुडाला पंचवीसचा आकडा देतो, अर्ध्या मास्कच्या अडीचपट. आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, चेहऱ्यावर वारा येतो ही गोष्ट वेगळी.

पण हूड म्हणजे जादू नव्हे. बॅटरी उतरली की तो नुसता टोप आहे. पाळीला चार्ज लागतो, गाळणी बदलावी लागते, हवेचा वेग तपासावा लागतो. साध्या मास्कपुढं त्याची किंमत कितीतरी पट. आणि भूमिगत कोळसाखाणीत ज्वलनशील वायू असतो. तिथं कुठलाही मोटरवाला पंखा चालत नाही, ठिणगी उडाली तर सगळ्यांचाच निकाल. तिथं खाण सुरक्षेची मंजुरी असलेलंच यंत्र हवं. म्हणून "आम्हाला हूड द्या" एवढंच ओरडू नका. कुठला, कुठं, कोण सांभाळणार, हेही मागा.

२०२० च्या साथीत ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी एक वाट काढली. दाढी गुंडाळून तिच्यावरून हनुवटीखालून डोक्यावर रबरी पट्टा घट्ट बांधायचा आणि त्यावर मास्क लावायचा. बऱ्याच जणांचा मास्क चाचणीत बसला. चाचणी साधी असते: डोक्यावर पिशवी घालून आत गोड किंवा कडू फवारा सोडतात, जिभेला चव लागली तर मास्क गळतो. ती वाट मला आवडते. धर्म सोडला नाही, रुग्णही सोडला नाही, अक्कल वापरली. पण ते दवाखान्यातलं झालं, आणि माणसागणिक चाचणी करून झालं. क्रशरच्या घामात, आठ तासांत पट्टा सरकेल. चाचणीशिवाय त्याच्या भरवशावर कोणाला सिलिकात उभं करू नका.

आणि मित्रांनो, हूड असो की मास्क, हे सगळं शेवटचं हत्यार. पहिलं हत्यार म्हणजे धूळ उठूच न देणं. जबड्याच्या तोंडाशी पाण्याचा फवारा. ड्रिलच्या टोकाला पाणी. पट्ट्यावर झाकण. आरा मशीनच्या पात्यापाशी भुसा ओढणारा पंखा. सिमेंटच्या पॅकिंगला धूळ गाळणाऱ्या पिशव्या, आणि त्या फाटल्या की त्याच दिवशी बदलणं. डंपर-शॉवेलला बंद, गाळलेल्या हवेची केबिन. झाडूऐवजी ओढून घेणारं यंत्र. कपड्यांवरची धूळ हवेच्या पाईपनं उडवायची नाही. आंघोळ आणि कपडे बदलायची सोय कामावरच, नाहीतर तीच धूळ घरी जाते आणि बायको अंगणात शर्ट झटकते, लेकरू बाजूला खेळत असतं. पाण्याच्या फवाऱ्याला दाढीचं वावडं नाही. पाणी जात, धर्म, चेहरा विचारत नाही. मग पाणी का मारत नाहीत? पाण्याला पंप लागतो, पंपाला माणूस लागतो, आणि भिजलेली गिट्टी चाळणीत अडकली की माल कमी निघतो. मास्क वाटला की सही मिळते, फोटो मिळतो. स्वस्तात सुटका.

आता जातीवर येतो. काही जण म्हणतील, दाढी-मास्कात जात कुठून आली?

झाडू कोणाच्या हातात आहे ते बघा. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा कोण उचलतं, राखडीची टाकी आतून कोण साफ करतं, ठेक्यावर कोण आणि कायम नोकरीवर कोण, ते बघा. धूळ जिथं सगळ्यात दाट, तिथं आपली आडनावं सगळ्यात दाट. सोबत आदिवासी, मुसलमान, बाहेरून आलेला मजूर.

आणि वस्तरा! आज आम्हाला "दाढी कर" म्हणून दरडावतात. आमच्या आज्यांना न्हावी हात लावत नव्हता. बाबासाहेबांचे केस साताऱ्यात त्यांची थोरली बहीण कापायची, कारण अस्पृश्य पोराच्या डोक्याला न्हाव्याची कात्री लागत नव्हती. तेव्हा दाढी वाढलेली ठेवली म्हणून हिणवलं. आज दाढी वाढली म्हणून कामावरून काढतात. वस्तरा चालवायचा की नाही हे दर वेळी दुसऱ्यानंच ठरवायचं काय?

पण एक आपल्यातल्यांना सांगतो. आपल्यातले बरेच जण दाढी ठेवतात, कारण पोस्टरात शोभते. ठेवा. पण दाढी म्हणजे क्रांती नव्हे. तुमच्या दाढीमागं श्रद्धा नसेल, कातडीचा आजार नसेल, आणि आज पोटासाठी अशा जागी उभं राहावं लागत असेल जिथं फक्त अर्धा मास्क आहे, तर उद्या सकाळी दाढी काढा. फुप्फुस पुन्हा उगवत नाही, दाढी उगवते. पण ज्याची दाढी त्याचा धर्म आहे, तो शीख ड्रायव्हर, तो चाचा, किंवा रोज वस्तरा लावला की ज्याच्या गालावर फोड येतात तो पोरगा, त्याला "दाढी काढ नाहीतर घरी जा" म्हणणं ही सुरक्षा नाही. ती हकालपट्टी आहे. त्याच्यासाठी हूड, नाहीतर धूळ नसलेल्या जागी त्याच पगारावर काम. मध्ये तिसरं काही नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसाखाणीत स्वतः उतरले. पुढच्याच वर्षी कोळसा कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १६ ऑक्टोबर १९५६ ला याच चंद्रपुरात त्यांनी धम्मदीक्षा दिली. आपण दर वर्षी दीक्षाभूमीवर लाखोंनी जमतो. दीक्षाभूमी ठाऊक आहे, खाणीत उतरलेले बाबासाहेब ठाऊक नाहीत. हा दोष आपला.

तर करायचं काय? भाषण पुरे, काम सांगतो. वस्तीवस्तीत जाऊन पाच गोष्टी करा.

एक. कामगाराची कहाणी लिहून घ्या. कुठं, किती वर्षं, कसल्या धुळीत, कोणाच्या ठेक्यावर. सोबत काम करणाऱ्या दोघांच्या सह्या. हजेरीपटावर नाव नसलं तर हाच कागद उद्या बोलेल.

दोन. दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर कामाचं नाव लिहायला लावा. छातीच्या फोटोची फिल्म घरी ठेवा, मालकाकडं सोडू नका. सिलिकोसिस आणि कोळशाचा फुप्फुसरोग हे नोंद करण्याचे आजार आहेत. २०२० च्या कामाच्या जागेच्या सुरक्षेच्या संहितेच्या परिशिष्टातही ते आहेत.

तीन. धुळीचं मोजमाप लेखी मागा. तोंडी "सब ठीक है" चालणार नाही.

चार. मास्क वाटला की विचारा: वर्ग कुठला, चेहऱ्यावर बसतो का याची चाचणी घेतली का, दाढीवाल्यांसाठी काय. उत्तर नसेल तर वाटपाच्या कागदावर सही करताना बाजूला लिहा: "चाचणी न घेता दिला." एवढे चार शब्द उद्या कोर्टात उपयोगी पडतील.

पाच. राजस्थान सरकारनं २०१९ साली सिलिकोसिसचं धोरण काढलं. प्रमाणपत्र मिळालेल्या कामगाराला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये त्यात आहेत. तिथल्या दगडफोड्यांनी आणि खाणकामगारांनी ते भांडून घेतलं. राजस्थानातल्या फुप्फुसाची किंमत असते, तर चंद्रपूर-गडचिरोलीतल्या फुप्फुसाची काय आहे, हे सरकारला विचारा.

आता चाचाचं उत्तर. चाचा, तू दाढी काढली असतीस तरी त्या निळ्या मास्कनं तू वाचला नसतास. जबड्याच्या तोंडाशी पाण्याची एक तोटी असती, तर दाढीसकट वाचण्याची संधी तुला होती.

आणि ठेकेदाराचं उत्तर. दाढी कायले ठेवली, असं तू विचारलं होतंस. त्या दिवशी आम्ही चौघं गप्प बसलो. आता विचार. धूळ कायले ठेवली, ते आधी सांग.

जय भीम.